कोरसला वगळून ग्रीक शोकांतिका वाचता येत नाही

सॉफोक्लीजच्या ‘ईडिपस’मध्ये साधारण मध्यावर एक विलक्षण प्रश्न येतो. भविष्यवाणीत सांगितल्याप्रमाणे नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या राजाचं हे नाटक. पण तो प्रश्न राजा ईडिपस विचारत नाही, त्याची राणी योकास्टाही विचारत नाही. थीब्ज नगरीतले म्हातारे, म्हणजे नाटकातला कोरस, गाणारा-नाचणारा समूह, गाता गाता विचारतात: अशा कृत्यांना जर मान मिळणार असेल, तर मी नाचायचं कशाला? पुढच्याच कडव्यात ते म्हणतात की देवाची वाणी खरी ठरणार नसेल, तर यापुढे मी डेल्फीला जाणार नाही, ऑलिंपियालाही जाणार नाही. भविष्यवाणीला फारसा अर्थ नसतो, असं राणी थोड्याच वेळापूर्वी राजाला पटवत होती आणि ते ऐकून ही माणसं मुळापासून हादरली आहेत.

या प्रश्नाचं वजन कळायला नाटक कुठे होत होतं ते ध्यानात घ्यावं लागतं. अथेन्समध्ये शोकांतिका डायोनिसस देवाच्या उत्सवात होत. कोरसमध्ये नाचणारे लोक पोटासाठी नाटक करणारे नट नव्हते. ते शहराचे नागरिक होते, आणि त्यांच्या तालमीचा, पोशाखाचा खर्च एखाद्या धनिक नागरिकाला नेमून दिलेला असे. उत्सवातलं त्यांचं नाचणं ही देवाची सेवाच होती. त्यामुळे ‘मी नाचायचं कशाला’ हा प्रश्न जितका थीब्जच्या म्हाताऱ्यांचा, तितकाच मुखवट्याआडच्या अथेन्सकरांचा. जगात न्याय नसेल तर आत्ता, या क्षणी, तुमच्यासमोर आम्ही हे जे करतो आहोत त्याला तरी काय अर्थ आहे, असं ते विचारतात.

गेल्या दोनशे वर्षांत ग्रीक शोकांतिकेचे जे नवे नवे अर्थ लावले गेले, त्यांतल्या बहुतेकांत या प्रश्नाला जागाच सापडत नाही. अर्थ लावणारा नायकाकडे किंवा नायिकेकडे धाव घेतो, तिथे हवं ते सापडलं की थांबतो, आणि मधली गाणी सजावट म्हणून सोडून देतो. आज पूर्ण स्वरूपात ३२ शोकांतिका आपल्या हाती आहेत. त्यांतल्या एक-दोन नेमक्या कुणाच्या, याबद्दल वाद आहे. पण कोरस नाही असं त्यांत एकही नाटक नाही. आधी १२ माणसांचा आणि पुढे १५ माणसांचा हा समूह पहिल्या गाण्यापासून जवळपास शेवटपर्यंत प्रेक्षकांसमोर उभा असतो. नायक येतो, जातो, मरतो. कोरस तिथेच असतो. म्हणून कोणताही अन्वयार्थ समोर आला, मग तो मानसशास्त्रीय असो, राजकीय असो की स्त्रीवादी, त्याला आधी एकच विचारावं: तुझ्या मांडणीत कोरस कुठे आहे? याचं उत्तर नसेल, तर तो अन्वयार्थ त्या नाटकाचा नाही, नाटकातून कापून काढलेल्या एका पात्राचा आहे.

सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत सापडते. ई. आर. डॉड्स हे ऑक्सफर्डचे ग्रीकचे प्राध्यापक. १९६६ साली त्यांनी ‘ईडिपस’बद्दलच्या गैरसमजांवर एक लेख लिहिला. ईश्वराची करणी न्याय्य आहे हे दाखवण्याचा या नाटकाचा प्रयत्न आहे का, असला तर कोणत्या अर्थाने, असा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांना घातला होता. उत्तरांचे तीन गट पडले. पहिल्या गटाचं म्हणणं, माणसाला त्याच्या दोषाचं फळ मिळतं हे नाटक दाखवतं. ईडिपस रागीट होता, गर्विष्ठ होता. दुसऱ्या गटाचं म्हणणं, माणूस दैवाच्या हातचं बाहुलं आहे. तिसऱ्या गटाला वाटलं की सॉफोक्लीज निव्वळ कलावंत होता, त्याला देवाधर्माशी कर्तव्य नव्हतं. डॉड्सनी तिन्ही उत्तरं खोडून काढली. ईडिपसच्या हातून जे घडायचं ते नाटक सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीच घडून गेलेलं आहे. त्याचा राग त्याचं कारण नाही. नाटकात तो जे करतो ते मात्र सगळं त्याचं स्वतःचं आहे. सत्य शोधायचं त्यानेच ठरवलं, आणि योकास्टा, भविष्यवेत्ता टायरेसियस, म्हातारा मेंढपाळ असे एकामागून एक सगळे ‘थांब’ म्हणत असताना तो थांबला नाही.

या लेखाला साठ वर्षं होत आली. तरी आपल्याकडे इंग्रजी साहित्य शिकणारा विद्यार्थी आजही पहिल्या गटातलंच उत्तर लिहितो, कारण गाइडमध्ये तेच छापलेलं असतं: नायकाच्या स्वभावात एक दोष असतो आणि त्यामुळे त्याचा नाश होतो. खापर ॲरिस्टॉटलवर फोडलं जातं. ॲरिस्टॉटलने मात्र ‘पोएटिक्स’ या ग्रंथात हा माणूस दुष्टपणामुळे नव्हे, तर काहीतरी चुकल्यामुळे कोसळतो, असं म्हटलं होतं. ईडिपसची चूक आपले आईबाप कोण हे माहीत नसण्याची आहे. चारित्र्याचं प्रगतिपुस्तक तिथे कुणी मागितलेलं नाही. आणि त्याच ॲरिस्टॉटलने त्याच ग्रंथात कोरसला नटांपैकी एक मानावं, तो संपूर्ण नाटकाचा भाग असावा, असंही स्पष्ट सांगितलं आहे. ते वाक्य गाइडमध्ये येत नाही.

दोषाचा हा सिद्धांत इतका टिकला तो सोयीचा आहे म्हणून. ईडिपसला दोषी ठरवलं की आपण सुटतो. आपण तेवढे रागीट नाही, तेवढे गर्विष्ठ नाही, तेव्हा आपलं बरं चाललं आहे. कोरसला अशी सुटका नाही. आंधळा झालेला, डोळ्यांतून रक्त वाहणारा ईडिपस बाहेर येतो तेव्हा हे म्हातारे म्हणतात की तुला पुष्कळ विचारायचं आहे, जाणून घ्यायचं आहे, पण तुझ्याकडे बघवतसुद्धा नाही. ‘कसा भोगलास’ असा सूर त्यांच्या बोलण्यात कुठेही नाही. बघायचं आहे आणि बघवत नाही, या दोहोंमध्ये ते अडकून पडले आहेत. प्रेक्षकाची जागाही नेमकी तीच आहे.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने लावलेला अर्थ याहून कितीतरी खोल आहे, त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. १९०० सालच्या स्वप्नांवरच्या ग्रंथात त्याने विचारलं की निव्वळ नियतीची गोष्ट म्हणून हे नाटक आजच्या माणसाला हलवू शकत नसेल, तर मग ते हलवतं कशामुळे? त्याचं उत्तर सर्वांना ठाऊक आहे: आईची ओढ आणि बापाशी वैर प्रत्येकाच्या मनात लहानपणापासून दडलेलं असतं. आईबरोबर निजल्याची स्वप्नं पुष्कळांना पडतात, हे योकास्टाचं वाक्य त्याने बरोबर हेरलं. कोरसच्या शेवटच्या ओळीही त्याने उद्धृत केल्या, पण त्या ओळी मुळातल्या आहेत का याचीच पुष्कळ संपादकांना शंका आहे. फ्रेंच अभ्यासक झाँ-पिएर व्हेरनाँ याने १९६७ साली फ्रॉइडला दिलेलं उत्तर साधं आणि अचूक होतं. ईडिपसच्या मनातली आई योकास्टा नव्हतीच. त्याला वाढवलं कॉरिंथच्या मेरोपीने. तो पळाला तो तिच्यापासून दूर राहण्यासाठी. नाटकातल्या ईडिपसला फ्रॉइडचा गंड लावायचा झाला, तर तो मेरोपीच्या बाबतीत लावावा लागेल.

मला याहून मोठी अडचण वाटते ती रोगाच्या साथीची. नाटकाची सुरुवात पडदा उघडून शयनगृहात होत नाही. राजवाड्याच्या पायऱ्यांवर मुलं आणि पुजारी फांद्या हातात घेऊन बसलेले आहेत. पीक करपतं आहे, गुरं मरत आहेत, बायकांच्या पोटातली मुलं मेलेलीच जन्माला येत आहेत. मग कोरस येतो आणि पहिल्याच गाण्यात सांगतो की प्रेतं उघड्यावर पडली आहेत, त्यांच्यासाठी रडायलाही कुणी नाही. ईडिपस सत्याच्या मागे लागतो तो या शहरासाठी. आपण कोण हा प्रश्न त्याला नंतर पडतो. फ्रॉइडच्या वाचनात शहर उरत नाही, साथ उरत नाही, एकट्या माणसाच्या मनाचा तळ तेवढा उरतो. तो तळ खराच आहे, पण सॉफोक्लीजने तो भर चौकात, रोगाने पोळलेल्या लोकांच्या देखत उघडा केला होता.

‘अँटिगनी’च्या बाबतीत आधुनिक वाचकांनी केलेला अन्याय मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो प्रेमापोटी केलेला आहे. राजाच्या हुकमाविरुद्ध भावाला मूठमाती देणारी मुलगी कुणाला आवडणार नाही? हेगेलने या नाटकात दोन न्याय्य बाजूंची टक्कर पाहिली: एकीकडे कुटुंबाचं आणि मृतांच्या देवांचं ऋण, दुसरीकडे राज्याचा कायदा. विसाव्या शतकाने त्यातली एक बाजू निवडली आणि अँटिगनी प्रतिकाराचं प्रतीक झाली. प्रतीक व्हायचं तर तिच्यातलं अवघड ते सगळं दूर करावं लागतं. शिक्षा म्हणून जिवंतपणी जिथे कोंडायचं त्या गुहेकडे जाताना ती म्हणते, नवरा मेला असता किंवा मूल मेलं असतं तर मी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळतो, मूल दुसरं होतं, आईबाप गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा मिळत नाही. हे वाक्य जर्मन कवी गटेला इतकं बोचलं की या ओळी सॉफोक्लीजच्या नाहीत असं एखाद्या भाषापंडिताने सिद्ध करावं, अशी इच्छा त्याने १८२७ साली बोलून दाखवली. पण ॲरिस्टॉटलनेच त्या उद्धृत केलेल्या असल्यामुळे त्या सहजी काढूनही टाकता येत नाहीत. आपल्याला हवी तशी अँटिगनी हवी असेल तर नाटक कापावं लागतं, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावं.

आता या नाटकात कोरसकडे लक्ष ठेवून पाहा. राजा क्रिऑनने मुद्दाम बोलावून घेतलेले हे थीब्जचे वजनदार म्हातारे. माणूस समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पाखरं-मासे धरतो, भाषा शिकतो, फक्त मरणावर त्याच्याकडे उपाय नाही, हे माणसावरचं थोर गाणं त्यांचंच. पुढे अँटिगनीला पकडून आणतात. ती क्रिऑनला तोंडावर सांगते की या सगळ्यांना माझं पटलं आहे, पण भीतीने त्यांच्या जिभा बांधल्या आहेत. म्हातारे तिथेच उभे आहेत आणि एक शब्द बोलत नाहीत. सबंध नाटकात याइतकी बोलकी शांतता दुसरी नाही. मग क्रिऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा नियोजित वर हीमॉन येऊन बापाला सांगतो की अंधारात, हळू आवाजात सगळं शहर त्या मुलीसाठी हळहळतं आहे. म्हणजे शहराचं मत आहे, पण ते उघड्यावर यायला धजत नाही. अँटिगनीला नेताना हेच म्हातारे तिला ऐकवतात की सत्तेचा अवमान सहन केला जात नसतो, तुझ्या हट्टी स्वभावाने तुझा घात केला. स्वभावदोषाचा सिद्धांत आवडणाऱ्यांना हे वाक्य हवंहवंसं वाटेल. पण ते कोण बोलतं आहे? थोड्या वेळापूर्वी भीतीने गप्प बसलेली माणसं.

आणि तरी हेच लोक बदलतात. टायरेसियस शाप देऊन निघून गेल्यावर कोरसचा प्रमुख म्हणतो की माझे केस काळ्याचे पांढरे झाले, पण या म्हाताऱ्याने शहराला खोटं सांगितल्याचं मला आठवत नाही. क्रिऑनचा धीर सुटतो. काय करू, सांगा, मी ऐकतो, असं तो विचारतो. उत्तर नेमकं आहे: जा, आधी मुलीला गुहेतून सोडव, मग उघड्यावर पडलेल्याला थडगं बांध. क्रिऑन घाईने निघतो आणि क्रम उलटा करतो. दूत येऊन जी हकिगत सांगतो तिच्यात आधी अँटिगनीच्या भावाचं, पॉलिनायसिसचं प्रेत धुतलं जातं, जाळलं जातं, त्यावर मायभूमीच्या मातीचा ढिगारा रचला जातो, आणि मग सगळे गुहेकडे जातात. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हीमॉन जातो, त्याची आई जाते. क्रिऑन अखेर लोकांचं ऐकतो आणि तेही अर्धवट. अँटिगनी विरुद्ध क्रिऑन एवढंच वाचणाऱ्याच्या नजरेतून हा क्रम निसटतो. मला तर नाटकाचं सगळं राजकारण त्या दोन कामांच्या क्रमात दिसतं. लोक उशिरा बोलले, राजाने उशिरा ऐकलं, आणि ऐकलं तेव्हाही मेलेल्याला जिवंताच्या आधी धरलं.

झाँ अनुईने १९४४च्या फेब्रुवारीत, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये आपली ‘अँटिगनी’ रंगमंचावर आणली. ती जर्मन सेन्सॉरच्या हातून सुटली आणि प्रतिकार करणाऱ्यांनाही आपली वाटली. त्यात कोरस म्हणून एकच माणूस आहे. तो शोकांतिका कशी असते ते प्रेक्षकांना समजावून सांगतो: चावी दिलेली आहे, आता सगळं आपोआप उलगडत जाईल. नाटक प्रभावी आहे यात वाद नाही. पण घाबरलेले, लाचार, मग उशिरा शहाणे झालेले म्हातारे काढून तिथे सर्व काही आधीच ठाऊक असलेला निवेदक बसवला की लोकांची जबाबदारीच संपते. सगळं आपोआप घडणार असेल, तर गप्प बसणाऱ्यांना कुणी काय विचारायचं?

याउलट १९७३ साली दक्षिण आफ्रिकेत अथोल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून केलेल्या ‘द आयलंड’मध्ये रॉबेन बेटावरचे दोनच कैदी आहेत. कोरस दिसायलाही नाही. पण शेवटी ते तुरुंगात ‘अँटिगनी’चा प्रवेश करतात तेव्हा क्रिऑन झालेला कैदी समोर बसलेल्यांना आपली प्रजा म्हणून हाक मारतो, आणि नाट्यगृहातला प्रेक्षकच थीब्जचा गप्प समूह होतो. कोरस कापणं वेगळं आणि कोरसची जागा दुसऱ्या कुणाला देणं वेगळं. खऱ्या रॉबेन बेटावरही कैद्यांनी ‘अँटिगनी’ केलं होतं, आणि त्यात नेल्सन मंडेला क्रिऑन झाले होते. जुलमाचा सर्वांत जास्त अनुभव असलेल्या माणसाने राजाच्या जागी उभं राहून पाहिलं, हे मला नायिकेच्या सगळ्या गौरवगीतांपेक्षा मोलाचं वाटतं.

कोरसबद्दलचा आपला पूर्वग्रह किती खोल आहे, याचं एक उदाहरण पंडितांच्याच जगातलं. एस्किलसच्या ‘शरणार्थिनी’ या नाटकात कोरसच मुख्य पात्र आहे: मनाविरुद्धच्या लग्नापासून पळून इजिप्तहून आर्गॉसला आलेल्या बहिणी. त्या आश्रय मागतात. राजा पेचात पडतो, कारण आश्रय द्यावा तर युद्ध, नाकारावा तर पाप. आणि अखेर तो प्रश्न लोकांच्या मतदानाला टाकतो. एवढा मोठा कोरस म्हणजे नाटक प्राथमिक अवस्थेतलं असणार, असं धरून विद्वान पिढ्यान्‌पिढ्या त्याला उपलब्ध शोकांतिकांपैकी सर्वांत जुनी मानत आले. १९५२ साली पपायरसचा एक तुकडा प्रसिद्ध झाला. या नाटकाच्या वेळी उत्सवातल्या नाट्यस्पर्धेत सॉफोक्लीज होता, असं त्यावरून निघालं. म्हणजे ते इ.स.पू. ४६०च्या दशकातलं, एस्किलसच्या ऐन प्रौढपणीचं. समूहाला नायक करणं हे कच्चेपण नव्हतं, जाणत्या नाटककाराने जाणूनबुजून केलेली निवड होती. आपण व्यक्तीला प्रगत आणि समूहाला मागास मानतो, आणि तोच समज आपण अडीच हजार वर्षं मागे नेऊन चिकटवला होता.

व्हेरनाँ, त्याचा सहकारी पिएर व्हिदाल-नाके आणि पुढे सायमन गोल्डहिल यांचं मोठेपण हे की त्यांनी शोकांतिका पुन्हा शहरात आणली. गोल्डहिलने १९८७च्या एका निबंधात उत्सवातल्या चार विधींकडे बोट दाखवलं. नाटकं सुरू होण्याआधी सेनापती देवाला मद्य अर्पण करत, मित्रराज्यांकडून आलेली खंडणी सर्वांसमोर मांडली जाई, शहरावर उपकार करणाऱ्यांची नावं पुकारली जात, आणि युद्धात बाप गमावलेली मुलं वयात आली की शहराने दिलेलं चिलखत घालून मिरवत. आधी हा राज्याचा डौल, आणि त्यामागोमाग रंगमंचावर राज्यं, घराणी, कायदे कोसळताना दाखवणारी नाटकं. हे वाचल्यावर शोकांतिका पूर्वीसारखी वाचता येत नाही.

तरीही इथेसुद्धा कोरसने अडवलंच. कोरस म्हणजे नागरिकांचा सामूहिक आवाज, नायक म्हणजे जुन्या दंतकथेतला वीर, अशी व्हेरनाँची मांडणी. जॉन गूल्डने १९९६ साली विचारलं की मग कोरसमध्ये नागरिक असतात किती? युरिपिडीजच्या बहुतेक नाटकांत कोरस स्त्रियांचा आहे. एस्किलसकडे गुलाम बायका, परदेशी शरणार्थिनी, खुद्द सूडदेवता आहेत. म्हातारे आहेत, युद्धात धरून आणलेल्या आहेत. सभेत ज्यांना मत नव्हतं, न्यायालयात उभं राहता येत नव्हतं, अशांचा मुखवटा घालून अथेन्सचे नागरिक गात होते. शहराने स्वतःचीच आरती ओवाळून घेतली असती, तर हे करायचं कारण नव्हतं.

याचा सर्वांत थोर दाखला उपलब्ध शोकांतिकांतल्या सर्वांत जुन्या नाटकात आहे. एस्किलसचं ‘पर्शियन’ इ.स.पू. ४७२ मधलं. कोरसचा खर्च उचलणारा नागरिक होता विशीतला पेरिक्लीज. ग्रीकांनी इराणी आरमाराचा पराभव केला ती सॅलॅमिसची लढाई होऊन आठच वर्षं झाली होती. इराण्यांनी जाळलेली देवळं नाट्यगृहामागच्या टेकडीवर तशीच पडकी उभी होती, आणि समोर बसलेल्यांत त्या लढाईत वल्ही मारलेले कितीतरी असणार. या लोकांसमोर अथेन्सचे नागरिक इराणी म्हाताऱ्यांचे मुखवटे घालून उभे राहिले आणि बुडून मेलेल्या इराणी सैनिकांची नावं घेऊन रडले. शेवटी फाटक्या वस्त्रांतला इराणी राजा झर्क्सीज आणि कोरस मिळून ऊर बडवत जातात. हा अथेन्सचा विजयोत्सव होता, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. शत्रूला रडताना बघण्यात मजा होती, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. विलाप गायचा म्हणजे श्वास, ताल, अंग सगळं त्या दुःखाला द्यावं लागतं, आणि ते देणारे शरीराने अथेन्सचेच होते. फ्रेंच अभ्यासक निकोल लोरो हिने शोकांतिकेतल्या विलापावर लिहिताना म्हटलं आहे की शहराला जे विसरायचं असतं ते हा आवाज विसरू देत नाही. अथेन्सला ते झोंबतही होतं. त्याआधी फ्रीनिकसने इराण्यांच्या हाती पडलेल्या मिलेटस या मित्रशहरावर नाटक केलं तेव्हा सगळं नाट्यगृह रडलं, आणि आपलंच दुःख आठवून दिल्याबद्दल त्याला १,००० द्राख्मा दंड झाला. हेरोडोटसने हे नोंदवून ठेवलं आहे.

स्त्रीवादी वाचनांनी पुष्कळ दिलं आहे, आणि तरी तिथेही हीच कसोटी लावावी लागते. ढाल घेऊन तीनदा रणात उभी राहीन, पण एकदा बाळंत होणार नाही, हे युरिपिडीजच्या नाटकातल्या, नवऱ्यावर सूड उगवायला स्वतःची मुलं मारणाऱ्या मीडियाचं वाक्य विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या सभांतून म्हटलं गेलं, आणि ते योग्यच होतं. नाटकातल्या कॉरिंथच्या बायकाही मीडियाच्या बाजूने उभ्या राहतात, गुपित राखायचं वचन देतात, नद्या उलट्या वाहू लागल्या, आता बायकांनाही मान मिळेल, असं गातात. मग आतून मुलांच्या किंकाळ्या येतात. बायका विचारतात: आत जाऊ का? मुलांना वाचवायला हवं. आणि आतून मुलं उत्तर देतात: हो, देवाशपथ, या, वेळ आहे. त्या जात नाहीत. कोरसने रंगस्थळ सोडून आत जायचं नसतं, हा रंगभूमीचा संकेत होता हे मला माहीत आहे. पण मुलांकडून उत्तर देववून युरिपिडीजने त्या संकेतालाच अपराध करून टाकलं. मीडियाला नुसती बंडखोर म्हणून वाचणाऱ्याला या बायकांचं काय करायचं ते कळत नाही, आणि नुसती राक्षसीण म्हणून वाचणाऱ्यालाही कळत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. कोरसचं संगीत हरवलं, नाच हरवला. युरिपिडीजच्या ‘ओरेस्टीज’मधल्या काही ओळी स्वरलेखनासकट एका पपायरसवर मिळाल्या आहेत, असे तुकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग जे अर्ध्याहून जास्त गेलं त्यालाच कसोटी कसं करायचं? माझं उत्तर असं की शब्द आणि वृत्तं शिल्लक आहेत आणि ती पुरेशी बोलतात. बाकीचं प्रत्येक काळाने आपलं आपण घडवावं. आरियान म्नूश्किनने १९९० ते १९९२ या काळात आत्रेयस घराण्यावरची चार नाटकं केली तेव्हा कोरसच्या नाचासाठी ती कथकलीकडे आली. २०१३ साली अम्मानमध्ये सीरियातून परागंदा झालेल्या बायकांनी ‘ट्रोजन वीमेन’ केलं आणि कोरस म्हणून स्वतःच्या हकिगती त्यात ओवल्या. २०१६ साली अमेरिकेत फर्ग्युसन इथे पोलिसांच्या गोळीने मेलेल्या तरुणाची आठवण ताजी असताना ‘अँटिगनी’ झालं. त्यात चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या ढंगाचं गायकवृंद कोरस होतं आणि त्यात पोलीसही होते, शिक्षकही होते. गेल्या काही वर्षांत या नाटकांना खरा प्राण जिथे आला, तिथे कोरसची गाठ आधी सोडवली गेली आहे. सहा नट, सुटसुटीत दीड तास आणि गाण्यांच्या जागी पार्श्वसंगीत असे प्रयोग मला बेगडी वाटतात.

मराठीत तर सबब सांगायलाही जागा नाही. गाण्यातून नाटक पुढे नेण्याची सवय आपल्या प्रेक्षकाला दीडशे वर्षांची आहे. आणि १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मधल्या ब्राह्मणांच्या रांगेने गात, डुलत, कधी भिंत होऊन झाकत, कधी बाजूला होऊन दाखवत समूहाची लाचारी आणि सामील असणं असं उभं केलं, की थीब्जचे ते गप्प म्हातारे कोण, हे मराठी प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘ईडिपस’ मराठीत आणलं, पण एकूण ३२ नाटकांतली मराठीत किती आली, आणि त्यांतली रंगमंचावर किती दिसली? ‘शरणार्थिनी’सारखं नाटक आपल्या महाविद्यालयीन संघांसाठीच लिहिल्यासारखं आहे. त्यांच्याकडे नेपथ्याला पैसे नसतात, नामवंत नट नसतो. असतात त्या पंधरा-वीस मुली आणि मुलं, तालमीला भरपूर वेळ आणि एका सुरात गायची हौस. परक्या गावाच्या वेशीवर उभ्या राहून आश्रय मागणाऱ्या बायका, आणि त्यांना आत घ्यायचं की नाही यावर हात वर करून मत देणारं गाव, एवढंच त्या नाटकाला लागतं. एखाद्या संघाने ते पुढच्या वर्षी करायला घ्यावं, एकही गाणं न गाळता.